पाणी चुगली करते

शिकाऱ्याइतका बोलका प्राणी दुसरा नसावा. त्याने मारलेले बदक बैठकीत हळूहळू हंसाएवढे होते. सुटलेले तर विचारूच नका. पण हा सारा वाचाळपणा म्हणजे तलावावर पाळलेल्या मौनाचे उट्टे असते, हे मला कन्हानच्या एका ढीवर आजोबांनी सांगितले. १९६५ च्या सुमारास ते रामटेककडच्या तलावांवर शिकाऱ्यांचा डोंगा चालवीत. पुढे १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचीही सोय उरली नाही.

"गुरुजी, पान्यावर गोठी करू नये. पानी चुगली करते," आजोबा म्हणाले.

ते खरेच आहे. पहाटे पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पार पैलतीरापर्यंत पोचतो. बदकाचे डोळेही डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला मागचेसुद्धा दिसते. म्हणून हाताची खूण करायची ती डोंग्याच्या काठाखाली, सावकाश. तळवा उघडा म्हणजे थांब. बोटे दाखवली तितकी पाखरे. दुसरा डोंगा लव्हाळ्याआड गेला की टिटवीचा आवाज काढायचा, दोनदाच. खरी टिटवी इतक्यावर थांबत नाही. समोरून तसेच उत्तर आल्याशिवाय नळी खाली आणायची नाही, कारण पाण्यावर तिरपा पडलेला छर्रा बुडत नाही, उसळून पुढे जातो.

भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तिथे असली कुजबुज कोणाला सुचणार! इकडची शिकार दोन डोंग्यांची आणि चार बंदुकांची.

एका दिवाळीनंतरच्या धुक्यात आजोबांनी टिटवी घातली. उत्तर डावीकडून आले. उजवीकडे लव्हाळे हलले. तिकडे आपला माणूस नाही, अशी खात्री पटून नागपूरच्या एका वकीलसाहेबांनी बंदूक उचलली. हिशेब बिनचूक होता. फक्त लव्हाळ्यात शिरणाऱ्या सगळ्यांनाच टिटवीची भाषा शिकवलेली नव्हती. आजोबांना तिथे शिंगाड्याचे वेल ठाऊक होते. त्यांनी खूण केली नाही, शीळ घातली नाही, सरळ बोंब मारली, "कोन हाय गा?"

तलावभर अडया उडाल्या. लव्हाळ्यातून गळाभर पाण्यात एक बाई उभी राहिली, डोक्यावर टोपली.

सकाळची शिकार बुडाली. साहेब परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलले नाहीत आणि मजुरीही दिली नाही.

"मंग?" मी विचारले.

"मंग काय! बाईनं सांजच्या पारी पायलीभर शिंगाडे आनून टाकले घरी. उकडाले लाकडं नव्हते. कच्चेच खाल्ले."