सासूबाई कोठे होत्या?

हेडसेट डोक्यावर चढवताना प्रथम चष्म्याची पंचाईत होते. ती निस्तरून डोळे उघडले तेव्हा मी एका परक्या घरात उभी होते. खोलीभर गालिचा, सोफ्यावर विखुरलेली खेळणी आणि समोर एक गोरी बाई. मुलाची आबाळ होत असल्याची तक्रार आली होती आणि मी, समाजकार्यकर्ती या नात्याने, चौकशीला आले होते. हवेत तीन प्रश्न तरंगत होते. त्यांतला एक निवडून उच्चारायचा, की ती बाई उत्तर देई. मान वळवली तर ओट्यावरची औषधाची बाटली दिसे. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा संगणकाने हिशेब मांडला : बाटली मी पाहिली होती, दाराआडून डोकावणाऱ्या मुलाकडे मात्र एकदाही पाहिले नव्हते.

हे खरेच होते, आणि त्याची लाजही वाटली.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना अशा आभासी घरांतून फिरवून आणण्याची कल्पना तशी निराधार नाही. १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने एका धडधाकट स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर बसवले. पुढे ही रीत समाजकार्याच्या वर्गांतही आली. २०२०च्या टाळेबंदीत क्षेत्रकार्य थांबले तेव्हा पडद्यावरच्या सरावाला नाके मुरडणाऱ्यांनाही त्याकडे वळावे लागले. हेडसेट हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

या साधनाची तरफदारी करणारे बहुधा समानुभूतीचा हवाला देतात. २०१५ साली जॉर्डनमधल्या झातारी छावणीतील एका सीरियन मुलीवर ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा आभासी वास्तवातला लघुपट निघाला, आणि त्याच्या कर्त्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी आपल्या व्याख्यानात या माध्यमाला समानुभूतीचे यंत्रच ठरवले. मला हा दावा मानवत नाही. दुसऱ्याच्या घरात अदृश्यपणे शिरून त्याचे दुःख जवळून पाहण्याची सोय कादंबरीच्या वाचकाला केव्हाचीच आहे, आणि तिच्या मर्यादाही आपल्याला पुरत्या ठाऊक आहेत. वाचकाला कोणी पाहत नाही. त्याला चहा घेणार का, असे कोणी विचारत नाही.

मला पाहिले गेले होते. १९८९ साली, लालबागच्या एका चाळीत, माझ्या पहिल्या गृहभेटीच्या दिवशी. दारापर्यंत पोचण्याआधीच जिन्यातल्या आणि नळावरच्या बायकांनी माझी खांद्यावरची पिशवी, चपला, जात, लग्न झाले आहे की नाही, सगळे पारखून घेतले होते. घरधनी १९८२च्या गिरणी संपानंतर कामावर परत गेला नव्हता. नऊ वर्षांची मुलगी शाळेत येईनाशी झाली होती म्हणून मला पाठवले होते. दहा बाय बाराची खोली. मुलीच्या आईच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. मी वर्गात शिकलेल्या मृदू आवाजात विचारले, ‘‘वहिनी, घरात मारहाण होते का?’’ ती हसली. ‘‘छे हो ताई, पाटा लागला,’’ म्हणाली, आणि बशीत ओतलेला चहा तिने माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या आठवड्यात दार उघडले नाही. आत स्टोव्हचा आवाज येत होता. मी दोनदा कडी वाजवली. तिसऱ्यांदा शेजारच्या म्हाताऱ्याने ‘‘कशाला येता हो बाई?’’ असे विचारले. मुलगी त्या शाळेत पुन्हा आली नाही.

त्या काळी (अजूनही) प्रत्येक भेटीनंतर आम्ही ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहीत असू. भेटीत कोण काय म्हणाले, आपल्याला काय वाटले, हे आठवून, शक्यतो त्याच रात्री, रुंद समास सोडून लिहायचे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या लेखनप्रकाराकडे कधी पाहिलेले नाही, याचे मला नवल वाटते. प्रथमपुरुषी निवेदक इतका अविश्वसनीय, आणि आपल्या अविश्वसनीयतेविषयी इतका प्रामाणिकपणे अनभिज्ञ, फारसा कोठे भेटायचा नाही. माझा प्रश्न आणि त्या बाईचे उत्तर मी नाटकातल्या प्रवेशासारखे लिहून काढले होते. आमच्या बाईंनी समासात लाल पेन्सिलीने एकच ओळ लिहिली : ‘सासूबाई कोठे होत्या?’

सासूबाई माझ्या पाठीशीच होत्या. भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मी खोटे लिहिले नव्हते; लिहिताना त्या मला आठवल्याच नव्हत्या. सुनेला तो प्रश्न मी त्यांच्यादेखत विचारला होता, आणि मी जिना उतरल्यावर त्या खोलीत काय झाले असेल, हे त्या एका ओळीने प्रथम माझ्यापुढे उभे राहिले.

आता यंत्राने घेतलेल्या नोंदीत असे काही निसटत नाही. पण बाई माझ्या लिखाणातला जो खड्डा वाचू शकल्या, तो खड्डाही त्या नोंदीत उरत नाही. विद्यार्थ्याला काय दिसले नाही हे यंत्र सांगते. दिसूनही काय विसरावेसे वाटले, हे ते सांगू शकत नाही.

आणि तरीही मी हेडसेटच्या बाजूने मत दिले. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा निघाली, तेव्हापासून आपल्याकडे या विषयाचे रीतसर शिक्षण चालू आहे. आणि इतकी वर्षे आमच्या पहिल्या चुकांसाठी घरे पुरवली ती चाळींनी आणि झोपडपट्ट्यांनी. त्यांना कोणी विचारले नव्हते. मी शिकले, शिक्षिका झाले. त्या खोलीने त्याची किंमत दिली. गालिच्यावरची ती गोरी बाई निदान कोणाचीही सून नाही.

आमच्यासाठी एक मराठी प्रसंग तयार होतो आहे. संवाद मी लिहिले आहेत. खोली दहा बाय बाराची, स्टोव्ह, पाटा, आणि विद्यार्थी जिथे उभा राहील त्याच्या बरोबर मागे तांदूळ निवडणारी एक म्हातारी. काल प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मुलाचा निरोप आला : ‘‘मॅडम, या आजींना एकही वाक्य नाही, आणि मागे वळल्याशिवाय त्या दिसतही नाहीत. खर्च उगाच वाढतोय. काढून टाकू का?’’

राहू द्या, असे मी कळवले आहे.