सभागृहात तीन मिनिटं

न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२०मध्ये गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूनं कौल दिला. शंभरातल्या साधारण ६७ जणांनी ‘हो’ म्हटलं. पुढच्या फेब्रुवारीत गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली आणि प्रश्न गावोगावच्या नगर परिषदांपुढे आला : तुमच्या हद्दीत दुकान हवं का? नको असेल तर २१ ऑगस्ट २०२१पर्यंत तसा ठराव करायचा होता. राज्यात साडेपाचशेहून जास्त गावं आहेत. त्यांतल्या जवळपास ४०० गावांनी ‘नको’ असं कळवलं. राज्यभर कायदा हवा असलेल्या लोकांनाच स्वतःच्या रस्त्यावर दुकान नको होतं.

माझी धाकटी बहीण अशाच एका ‘नको’वाल्या गावात राहते. गाव मध्यमवर्गीय आहे, आपली माणसं बरीच आहेत, गणपतीला ढोल-ताशाही वाजतो. दुकानांच्या विक्रीवर गावाला २ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो. शेजारच्या गावांत तो पैसा येऊ लागला, तशी दोनेक वर्षांत इथल्या परिषदेलाही जुन्या नकाराचा फेरविचार करावासा वाटू लागला. तो विषय सभेपुढे आला तेव्हा मी तिच्याच घरी होते. भाच्याच्या आजारपणात स्वयंपाकघर सांभाळायला आणि बहिणीला सोबत म्हणून पुण्याहून गेले होते. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं बहिणीनं आणि भाच्यानं सांगितलं.

भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, वय २०. एका रात्री त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला की हा चार दिवस झोपलेला नाही, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली आहे आणि छतावरच्या धुराच्या अलार्ममधून कोणीतरी आपलं बोलणं ऐकतंय असं म्हणतोय. आईवडील गाडी घेऊन निघाले. घरी आणल्यावर त्यानं आईच्या हातचं जेवायला नकार दिला. वरणात काहीतरी घातलंय अशी त्याची खात्री होती. ज्या पोरानं लहानपणी वरणभाताशिवाय दुसरं काही मागितलं नाही, तो ताटाकडे पाहून मागे सरकायचा. हे सांगताना बहिणीचा आवाज आजही फुटतो.

इमर्जन्सीत लघवीची तपासणी झाली. दारू नाही, दुसरं कुठलं ड्रग नाही, फक्त टीएचसी, गांजातला नशा आणणारा घटक. निदान झालं गांजामुळे उद्भवलेल्या सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचं. मुलगा १८ वर्षांवरचा, म्हणून त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर आईवडिलांशी मोकळेपणानं बोलू शकत नव्हते. आणि त्या अवस्थेत त्याचा सगळ्यात जास्त संशय होता तो आईवडिलांवरच. ज्यांनी त्याला तिथवर आणलं ते दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसून राहिले. पुढे औषधं लागू पडली, त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले, पण वजन वाढलं, दिवसाचे बारा-चौदा तास झोपेत जाऊ लागले आणि एक सत्र हातचं गेलं.

सुरुवात शाळेत असताना झाली होती. पेनासारखं दिसणारं व्हेप, त्यात गांजाच्या तेलाचं कार्ट्रिज. ना धूर, ना वास. बहिणीला वर्षभर ते पेनड्राइव्ह वाटत होतं. दुकानात २१ वर्षांखाली कोणाला विकत नाहीत हे खरं, पण वरच्या वर्गातला एक जण आणून द्यायचा. दर वेळी त्याचं समर्थन एकच होतं : आता कायदेशीर आहे, म्हणजे वाईट कसं असेल?

मला या सगळ्या प्रकरणातलं हे वाक्य सर्वांत धोक्याचं वाटतं. कायद्यानं ‘गुन्हा नाही’ असं म्हटलं होतं. मुलांच्या कानांवर मात्र ‘अपाय नाही’ असं पडलं.

तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी बहिणीला समजावलं होतं, “अगं, आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग पितातच की. एवढं काय!” काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे गावाकडची भांग होती, पानं वाटून दुधात घातलेली. आपल्या भारतातल्या अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंसुद्धा पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या, शेंडे नाहीत. पण अमेरिकेतल्या दुकानात जे मिळतं त्यातल्या बऱ्याच मालाला आता झाडाचं रूपच उरलेलं नाही. १९९५च्या सुमारास तिथे जप्त होणाऱ्या गांजात टीएचसीचं प्रमाण सरासरी ४ टक्के होतं. आज दुकानातल्या फुलांत २० टक्के आणि त्याहून जास्त सर्रास असतं. व्हेपच्या तेलात आणि अर्कात ते ६०, ८०, कधी ९० टक्क्यांपर्यंत जातं. भाचा हे पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ओढत होता आणि मेंदूची वाढ तर पंचविशीपर्यंत चालू असते.

बहीण व्यवसायानं हिशेबतपासनीस. रडून झाल्यावर तिनं आकडे शोधायला घेतले. स्वीडनमध्ये १९६९-७०साली लष्करात भरती झालेल्या ४५,०००हून अधिक तरुणांचा पुढे पंधरा वर्षं माग ठेवला गेला होता. ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट आढळलं. १९८७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आजच्या तेलाचा कोणी विचारही केला नव्हता तेव्हा. २०१९मध्ये मार्टा दि फोर्टी आणि सहकाऱ्यांनी युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट, आणि रोजचा गांजा तीव्र असेल तर जवळपास पाचपट निघाली. त्या अभ्यासात ‘तीव्र’ म्हणजे १० टक्क्यांच्या वर!

गांजा घेणाऱ्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही, हे बहीणही मान्य करते. कोणाला होईल ते आधी ओळखता येत नाही, ही खरी भीती आहे. तिच्या जिव्हारी लागला तो डेन्मार्कचा आकडा. गांजामुळे सायकोसिस होऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार जडला, असं तिथल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८मध्ये दिसून आलं. त्या रात्री ती मला म्हणाली, “ताई, निम्मे म्हणजे नाणेफेक गं.” मी काय उत्तर देणार होते?

सभेत बोलायचं ठरल्यावर आधी तिनं मुलाची परवानगी मागितली. गोष्ट त्याची होती. त्यानं दोन दिवस घेतले आणि सांगितलं, नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग. त्याच्या या होकाराचं मोल फार मोठं आहे. कारण आपल्या लोकांत हा आजार झाकून ठेवतात. पुण्यात आमच्या आईलाही आम्ही ‘अभ्यासाचा ताण’ एवढंच सांगितलं होतं. बहीण सभेत बोलणार हे कळल्यावर मंडळातल्या दोन बायकांचे तिला गुपचूप फोन आले. एकीच्या मुलाला सारख्या उलट्या व्हायच्या, तासन्‌तास गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, निदान काही होईना. दीर्घकाळ रोज गांजा घेणाऱ्यांना होणारा हा उलट्यांचा विकार २००४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी प्रथम नोंदवला, आणि गरम पाण्याची ओढ ही त्याची ठळक खूण मानली जाते.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं. बहिणीच्या आधी एक निवृत्त सैनिक बोलला, गांजामुळे त्याला पाठीच्या दुखण्यातून झोप लागते. मग एक कृष्णवर्णीय गृहस्थ उठले. विशीत खिशात सापडलेल्या चिमूटभर गांजापायी त्यांना अटक झाली होती आणि त्या नोंदीमुळे नोकऱ्या गेल्या होत्या. न्यू जर्सीत गांजासाठी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक अटका होत असत, आणि कायदा बदलण्यामागचं ते एक मोठं कारण होतं. सभागृहानं त्यांना टाळ्या दिल्या. बहिणीनंही दिल्या.

मग ती उभी राहिली. कागद हातात होता, पण पहिली वाक्यं तिनं कागदाबाहेरची म्हटली. या गृहस्थांना झालेली अटक चूकच होती, मला कोणालाही तुरुंगात पाठवायचं नाही. पण तुरुंग बंद करण्यासाठी दुकान उघडावंच लागतं असं नाही. नंतर तिनं चिकटपट्टी लावलेल्या कॅमेऱ्याबद्दल सांगितलं, वरणाबद्दल सांगितलं, ९० टक्क्यांबद्दल सांगितलं. आजारी माणसाला औषध द्यायचं तर ते औषधासारखं द्या, असं ती म्हणाली. गांजाच्याच झाडातल्या सीबीडीपासून बनवलेल्या, अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांवरच्या औषधाला २०१८मध्ये एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, मंजुरी मिळाली, ती चाचण्या होऊन, मात्रा ठरवून. दुकानातल्या कार्ट्रिजची मात्रा कोण ठरवतं? इथे घंटा वाजली.

अशा आयांच्या बोलण्यानं काही घडत नाही, असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२१च्या मूळ कायद्यात अल्पवयीन मुलगा पहिल्यांदा गांजासह सापडला तर पोलिसांनी आईवडिलांना कळवायचं नाही अशी तरतूद होती. पालक खवळले, आणि मार्च संपायच्या आत ती तरतूद बदलावी लागली. कोलोरॅडोत २०१४च्या नववर्षदिनी प्रौढांसाठी दुकानं उघडली होती. तिथल्या लॉरा स्टॅक यांचा मुलगा जॉनी नोव्हेंबर २०१९मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी आत्महत्या करून गेला. त्याला सायकोसिस झाला होता आणि तो गांजाचा तीव्र अर्क घेत असे. जाण्याच्या तीन दिवस आधी त्यानं आईला सांगितलं होतं की तू सांगत होतीस ते खरं होतं, गांजानं माझं आयुष्य नासवलं. स्टॅकबाईंनी पुढच्याच वर्षी ‘जॉनीज ॲम्बॅसडर्स’ ही संस्था काढली. २०२१मध्ये त्याच राज्यानं वैद्यकीय कार्डावर मिळणाऱ्या अर्काची दिवसाची मर्यादा ४० ग्रॅमवरून ८वर आणली, १८ ते २० वयाच्या मुलांसाठी २ ग्रॅमवर. तो कायदा मांडणाऱ्यांत यादिरा काराव्हेओ या बालरोगतज्ज्ञ आमदार होत्या.

बहिणीच्या गावातला दुकानाचा ठराव शेवटी मंजूर झाला. एक दुकान, शाळांपासून दूर, आणि कराचा काही भाग शाळेतल्या व्यसनप्रतिबंधासाठी. ही शेवटची अट मूळ मसुद्यात नव्हती. बहीण घरी येऊन बराच वेळ स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिली. मी तिला हरलीस असं म्हटलं नाही, कारण मला तसं वाटतही नव्हतं.

भाचा आता कम्युनिटी कॉलेजात दोनच विषय घेतो, डॉक्टरांनी औषधाची मात्रा थोडी कमी केली आहे. बहिणीनं ट्रेंटनला, राज्याच्या विधिमंडळाला पत्रं पाठवायला सुरुवात केली आहे. मागणी एकच : व्हरमाँटनं कायद्यातच फुलांसाठी ३० आणि घन अर्कासाठी ६० टक्के टीएचसीची मर्यादा घातली आहे, तशी इथेही घाला, आणि व्हेपचं तेलही त्यातून सोडू नका. कार्ट्रिजबद्दलचा परिच्छेद भाच्यानं स्वतः लिहिला : डब्यावर किती टक्के छापलेलं असायचं, एक कार्ट्रिज सुरुवातीला किती दिवस पुरायचं आणि शेवटी शेवटी किती. मंडळातल्या त्या दोन बायकांनीही पत्राखाली सह्या केल्या आहेत, पूर्ण नावानिशी.