ट्रामाडॉल सोडताना

मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला ट्रामाडॉल सुरू झालं. दुखणं निवलं, पण बद्धकोष्ठतेनं ती रडकुंडीला आली. जेवता जेवता डोळा लागायचा. बरं वाटताच तिनं गोळी एकदम थांबवली. मग रात्री घामानं उशी ओली, नाक गळतंय, अंगावर काटा, पाय क्षणभर स्थिर राहीनात. “मला व्यसन लागलं का गं?” तिनं विचारलं, तेव्हा पोटात तुटलं. व्यसन नव्हे हे! अफूसारखं काम करणाऱ्या औषधाला शरीर सरावतं. ट्रामाडॉल तर मेंदूतल्या सेरोटोनिनवरही परिणाम करतं. २०१८पासून ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे, तरी सोडायचं कसं हे चिठ्ठी देताना कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली, आता डोस हळूहळू उतरतोय. घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच कमी करा.