टोर्गाऊहून दोन पत्रे

टोर्गाऊ, मंगळवार

ती. बाबांस,

एल्बे नदीच्या काठी हार्टेनफेल्स हा सॅक्सनीच्या इलेक्टर म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांचा किल्लेवजा वाडा आहे. इथले प्रवासी खंदकातल्या अस्वलांपाशी नाहीतर चौकातल्या गोल जिन्यापाशी घोटाळतात. कॉनराड क्रेब्सने 1536 साली पुरा केलेला हा दगडी जिना मधल्या खांबाशिवाय वर चढत जातो. बघावा असाच आहे. पण मी आले ते त्याच वाड्यातल्या चर्चसाठी.

ते शोधावं लागतं. त्याला ना शिखर, ना मनोरा. राहत्या दालनांच्या रांगेतच ते बसवलंय. एका दाराभोवती येशूच्या छळाची साधनं घेतलेले देवदूत कोरलेत, तेवढीच खूण. इलेक्टर योहान फ्रीडरिशने ते निकेल ग्रोमानकडून बांधून घेतलं आणि 5 ऑक्टोबर 1544 रोजी खुद्द धर्मसुधारक मार्टिन लूथरने पहिलं प्रवचन करून त्याचं उद्घाटन केलं. तोवर त्याचे अनुयायी जुन्याच चर्चमध्ये जमत. नव्या प्रोटेस्टंट पंथासाठी मुद्दाम बांधलेलं हे पहिलं चर्च मानतात.

आत गेल्यावर बाबा, तुम्हीच आठवलात. सभामंडपात कीर्तनकार जसा सगळ्यांना दिसेल, ऐकू येईल असा उभा राहतो, तसं इथलं प्रवचनपीठ लांब भिंतीच्या मधोमध आहे. चहूबाजूंनी दुमजली दगडी सज्जे. पुरोहितांसाठी वेगळा गाभारा नाही, सगळा मिळून एकच दिवाणखाना. वेदी म्हणजे चार देवदूतांनी तोललेलं साधं मेज. देवाने शब्दातून बोलावं आणि लोकांनी प्रार्थनेने, स्तुतीने उत्तर द्यावं, याखेरीज इथे काही घडू नये, असं लूथर त्या दिवशी म्हणाला. तेच ग्रोमानने आधीच दगडात उतरवलं होतं. एवढी स्पष्ट वास्तू मी क्वचितच पाहिली.

बुधवार

कालच्या पत्रात गाण्याचं राहिलं. उद्घाटनासाठी लूथरचा स्नेही योहान वाल्टर याने सात आवाजांची रचना केली होती. ती इथल्या सज्जांतून ऐकायला मिळावी, असं फार वाटतं.

योहान फ्रीडरिशला मात्र या चर्चचं सुख फार काळ लाभलं नाही. 1547 मध्ये म्युलबेर्गच्या लढाईत तो पकडला गेला आणि हा मुलूखही गेला.

आईला सांगा, लूथरची बायको काटारिना याच गावात वारली. 1552 मध्ये प्लेगमुळे विटेनबर्ग सोडून येताना गाडीला अपघात झाला, त्यातून ती उठली नाही. तिची समाधी गावातल्या मेरीच्या चर्चमध्ये आहे. आत्ता तिकडेच निघाले आहे.

तुमची,
सुधा