गोटीच्या बाटल्या

बिअरचे जुने डबे जमवणारे लोक परदेशात पुष्कळ आहेत. गावोगावच्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या नावांवर त्यांचा जीव. शिरूर-दौंडकडे हा नाद करायचा तर डबे आणायचे कुठून? आमच्याकडे अंगावर गावाचं नाव घेऊन फिरायचा तो गोटीचा सोडा.

शाळेत असताना मला आतली गोटीच हवी असे, आणि ती बाटली फोडल्याशिवाय मिळत नसे. जत्रेतला सोडावाला पोरांवरची नजर काढत नसे, ती त्यासाठीच. पुढे दौंडला नोकरी लागली. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात भंगाराच्या ढिगात एक हिरवट बाटली दिसली : काच जाड, मान आवळलेली, पोटात हवेचे बुडबुडे, अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं. झिजून झिजून त्यातलं 'पूना' तेवढं उरलेलं. भंगारवाल्यानं काचेच्या भावानं दिली.

ही करामत हायरम कॉड या इंग्रजाची, १८७० च्या दशकातली. भरताना बाटली उलटी केली की गोटी तोंडाशी येते आणि गॅसच्या दाबानं रबराच्या कड्यात घट्ट बसते. बूच नको, तार नको. पिताना गोटी मानेतल्या खाचेत अडकवावी लागते, नाहीतर तीच वाट अडवते. आमचे आजोबा नुसत्या अंगठ्यानं 'फट्' करून गोटी खाली पाडत. (जुन्या काळी दंगल म्हटली की सोडावॉटरच्या बाटल्या हटकून उडत, त्या जाड काचेला तेही काम होतं.)

सोडा म्हणजे शेवटी पाणीच. ते लांब न्यायला परवडत नाही, शिवाय रिकामी बाटली परत यायला हवी. म्हणून पुण्याच्या कॅम्पात १८८४ पासून अर्देशीर सोडावाले, आणि लहान गावांत कुणी ना कुणी आपलं एक यंत्र मांडून बसलेला.

बाटल्या मात्र गाव पाळत नसत. माझ्याकडे नगरच्या नावाची एक आहे, तिच्या बुडाशी दौंडच्या कुणीतरी खूण म्हणून लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलाय. म्हणजे काच नगरची, पाणी भीमेचं. चोखंदळ संग्राहक नाक मुरडतील. मला तीच सगळ्यांत प्रिय.

पुढे पत्र्याच्या बिल्ल्याच्या बाटल्या आल्या आणि गोटी मागं पडली. आता हायवेच्या हॉटेलांत ती परतली आहे, ब्लूबेरीच्या चवीत. पितो मी, बरी लागते. पण रिकामी बाटली मागून घेत नाही. नाव स्टिकरवर असतं, आणि बर्फाच्या पाण्यात ते सुटून येतं.