तामलवाडीच्या वाटेवर परदेशी भाषेचा विचार

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. या वाटेच्या साधारण मध्यावर तामलवाडी हे गाव लागते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वरील टोलनाक्यामुळे प्रवाशांना हे नाव परिचित आहे. सोलापूरकडून कुंथलगिरीच्या दर्शनास निघालेली आपली कित्येक कुटुंबेही याच मार्गाने जातात. नाक्यावर मालमोटारींची रांग असते आणि आसपास सोयाबीन व ज्वारीची शेते पसरलेली असतात. गावात थांबून पाहावे असे काही प्रसिद्ध स्थळ नाही. तरीही व्यापारी कुटुंबाने येथे क्षणभर थांबून विचार करावा, असा या भूमीचा इतिहास आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तुळजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. आज ज्या रस्त्याने अर्ध्या तासात येणे-जाणे होते, तेथे तेव्हा दोन राज्यांची सरहद्द होती. पलीकडे इंग्रजी रुपया, तर अलीकडे हाली सिक्का. संस्थानात माल आणायचा तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, भरणा करावा लागे. दरबार, कचेरी व न्यायालय यांची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. सोलापुरात मात्र सरकारदरबारी इंग्रजी चाले, विणकरांच्या पेठांत तेलुगू ऐकू येई आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड.

अशा सरहद्दीवर व्यापार करणाऱ्याने भाषा निवडली ती हौसेने किंवा प्रतिष्ठेसाठी नव्हे. कोणाकडून माल घ्यायचा, कोणाला विकायचा आणि कोणाच्या कचेरीत अर्ज द्यायचा, यावरून त्याची भाषा ठरे. पुढे संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि कचेरीतील उर्दूचे प्रयोजन संपले. शेतकऱ्याशी आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची भाषा मात्र तशीच कामी येत राहिली. सत्तेची भाषा पालटू शकते, पण गिऱ्हाइकाची भाषा सहसा वाया जात नाही, हा या वाटेचा पहिला धडा होय.

दुसरा धडा याच जिल्ह्यात, धाराशिवजवळच्या तेर येथे मिळतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर येथून गाड्यांनी भडोचच्या बंदरात माल जात असल्याची नोंद आहे. तगरच्या मालात साधे कापड आणि मलमल यांचा उल्लेख येतो. आपल्या कापडाची ही नोंद परक्या दर्यावर्दीने, त्याच्या भाषेत केली. माल आपला होता, परंतु समुद्रापलीकडील बाजाराचे ज्ञान भडोचपर्यंत येणाऱ्याकडे अधिक होते. आजही जो कारखानदार केवळ मुंबईच्या दलालामार्फत निर्यात करतो, त्याची स्थिती फारशी निराळी नसते.

दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलीने कोणती परदेशी भाषा शिकावी, हा प्रश्न आज अनेक घरांत निघतो. बहुधा मित्र कोणत्या वर्गाला जातात किंवा कोणत्या देशाची चर्चा जोरात आहे, यावर उत्तर ठरते. त्याऐवजी प्रथम घरातील मालाकडे पाहावे. सोलापूरच्या टॉवेलचा व्यवसाय असेल आणि लॅटिन अमेरिकेत ग्राहक शोधायचा असेल, तर स्पॅनिश उपयोगी पडेल. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, आयव्हरी कोस्ट अशा देशांशी व्यवहार करायचा तर फ्रेंच हवी. यंत्रे जर्मनीहून येत असतील, तर तेथील लहान कारखानदाराशी जर्मनमध्ये बोलल्याने सलगी लवकर होते. याउलट द्राक्षे नेदरलँड्सला जात असतील, तर तेथील व्यापारी इंग्रजी उत्तम जाणतो. तेथे डच शिकण्यात वर्षे घालवण्यापेक्षा आपले इंग्रजी पक्के करणे शहाणपणाचे.

दुसरा हिशेब वेळेचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा की, इंग्रजी भाषकाला कामकाजापुरत्या प्रावीण्यासाठी स्पॅनिश वा फ्रेंचला सुमारे ६०० ते ७५० तास, जर्मनला सुमारे ९०० आणि जपानी, चिनी किंवा अरबीला सुमारे २२०० तास लागतात. दुकान सांभाळून रोज एक तास, वर्षाचे ३०० दिवस दिले, तर स्पॅनिशला दोन-अडीच वर्षे लागतील आणि जपानीला सात. मराठी माणसाला थोडी सवलत आहे. जपानी वाक्यात क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येते, आणि जर्मनमधील तीन लिंगे आपल्याला मराठीमुळे नवलाची वाटत नाहीत. तथापि जपानीच्या तीन लिप्यांचा अभ्यास कोणालाच चुकत नाही. म्हणून दोन-तीन भाषांची प्राथमिक प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा एकाच भाषेत पत्रव्यवहार व भावाची बोलणी करता येतील इतकी मजल गाठावी.

दीर्घ परिश्रम व्यर्थ असतात असे नव्हे. जपानमधील कोबे येथे मोत्यांच्या व्यापारासाठी आपले बांधव स्थायिक झाले आणि १९८५ साली तेथे जैन मंदिर उभे राहिले. जेथे पिढ्यान् पिढ्या राहायचे, तेथे सात वर्षांचा अभ्यास मोठा नाही. भगवान महावीरांनी उपदेशासाठी अर्धमागधी ही लोकभाषा स्वीकारली. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे, हा संस्कार आपल्याला परका नाही.

एक गोष्ट पालकांनी मोकळेपणाने बोलावी. केवळ भाषा शिकलेल्या मुला-मुलीस पुण्यासारख्या शहरात नोकरी मिळते आणि मग घरची पेढी मागे राहते. नोकरीत कमीपणा नाही, पण तो मार्ग जाणूनबुजून निवडलेला असावा. पेढीत परतावे अशी इच्छा असेल, तर वर्गाचे शुल्क भरण्याच्या आधीच मुलाला, आणि मुलीलाही, मालाचे नमुने, दरपत्रके आणि परदेशी पत्रव्यवहार हाताळू द्यावा. शिकलेला शब्द त्याच आठवड्यात एखाद्या पत्रात वापरता आला, तर भाषा टिकते आणि पेढीलाही तिचा लाभ होतो.