आवृत्त्यांचा तंटा: पॅकेजांची गाठ सुटते कशी? (थ्रेड)

१/ इयान मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनचा प्रारंभ केला. आपणांस कोणती अन्य पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची लागतात, हे प्रत्येक पॅकेजाने स्वतःच नमूद करावे, ही रीत पुढे तेथे रुजली. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत आलेले ‘ॲप्ट’ ही नोंद वाचून उरलेला पसारा आपणहून आणू लागले.

२/ तंट्याचे मूळ त्या नोंदींतच होते. ‘क’ला ‘ग’ची दुसऱ्या आवृत्तीपूर्वीची प्रत हवी, ‘ख’ला दुसरी वा त्यानंतरची, आणि ‘ग’ला जागा एकच. मग ‘क’ची नवी किंवा ‘ख’ची जुनी आवृत्ती धुंडाळायची, पण तिच्याही अटी असतातच.

३/ हा शोध किती बिकट आहे, याचे उत्तर युरोपातील ‘एडॉस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी दिले: एखादे पॅकेज बसवता येईल की नाही, हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ साली ज्या तर्कसूत्रांच्या प्रश्नाबाबत हे सिद्ध केले, त्याच्याच पंक्तीतला. २००८ च्या ओपनसुसे ११.० ने तर तो तर्कसूत्रांत मांडूनच सोडवला.

४/ पायथनचे ‘पिप’ मात्र दीर्घकाळ भाबडे राहिले. ज्याची अट प्रथम दिसेल, तिचा मान राखायचा. नंतरच्या विरोधी अटींकडे काणाडोळा. आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसे आणि कार्यक्रम भलत्याच वेळी कोसळे. ही उणीव २०१३ पासून नोंदलेली होती. अनुदान मिळून काम तडीस जायला २०२० चा नोव्हेंबर, म्हणजे पिप २०.३, उजाडावा लागला. स्वयंसेवकांच्या खांद्यावरील पायाभूत कामांची हीच गत असते.

५/ नवे पिप अट मोडण्याऐवजी थांबू लागले. लोक संतापले! कित्येक पॅकेजांच्या अटी ती उतरवून घेतल्याविना कळत नसत. म्हणून एकाच पॅकेजाच्या आवृत्तीमागून आवृत्ती आणली जाई आणि तासन्‌तास जात. तरीही स्पष्ट नकार हा खोट्या यशाहून बरा.

६/ खरी कसोटी जून २०२४ मध्ये लागली. २००६ नंतर प्रथमच नमपायची मोठी आवृत्ती, २.०, आली. १.x वर संकलित झालेली अनेक पॅकेजे तिच्यासह चालेनात. ज्यांनी ‘२ पेक्षा कमी’ अशी अट लिहिली होती, तेथे पिपला संघर्ष दिसला. ज्यांनी कमाल मर्यादाच लिहिली नव्हती, तेथे सारे सुरळीत बसले आणि आयात करताच मोडले. न लिहिलेली अट कोणता गणिती ओळखणार?

७/ म्हणून जाणकार श्रेणीवाढ वेगळ्या आभासी परिसरात करतात, एका वेळी एकच मोठे पॅकेज हलवतात, आणि त्रुटीसंदेशातील ‘कोणाला काय हवे’ ही साखळी शेवटपर्यंत वाचतात. नमपायच्या चमूने आणखी एक वाट खुली ठेवली होती: २.० वर संकलित केलेले पॅकेज अलीकडच्या १.x आवृत्त्यांवरही चालावे. त्यामुळे पॅकेजकर्त्याने एकदा नव्याने संकलन केले की त्याच्या वापरकर्त्यांना त्याच दिवशी नमपाय बदलण्याची सक्ती उरत नसे.